कोमेजलेले फूल आणि पायांवरचे पाणी : दुःखाची कविता कशी वाचावी?



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन रोज रात्री होत असे. ते संपल्यावर अर्धा तास मी थेरीगाथेतील एकेका भिक्खुणीची गाथा समजावून सांगत असे. चौथ्या की पाचव्या रात्री मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी मध्येच म्हणाल्या, “गुरुजी, रडणं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या झालं. देवापुढं रडलो, पाटलापुढं रडलो, सावकारापुढं रडलो. धम्म घेतला तो रडणं सुटावं म्हणून ना? मग हितं पुन्हा रडगाणं कशापायी?”

लोक हसले. मीही हसलो, पण मला उत्तर सुचले नाही, हे खरे. मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालेला माणूस, शाळेत रोज कविता शिकवणारा, आणि एका निरक्षर आजीच्या प्रश्नापुढे गप्प बसलो. त्या रात्रीनंतर जो विचार केला तो तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी अनेकांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. हाच प्रश्न तुमच्याही घरात कोणीतरी विचारील.

आजींचा प्रश्न हलका समजू नये. खुद्द बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात असाच प्रश्न उपस्थित केला आहे. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असे म्हटले तर माणसाला आशा कोठे उरली? मग चार आर्यसत्ये ही बुद्धाच्या मूळ शिकवणुकीचा भाग आहेत की ती नंतर भिक्खूंनी घातली, असे त्यांनी स्पष्टपणे विचारले. आपला धम्म निराशेचा धर्म ठरू नये, ही त्यांची चिंता होती. तेव्हा दुःखाची कविता आपण का वाचावी आणि कशी वाचावी, या प्रश्नाचे नाते थेट आपल्या धम्माशी आहे.

प्रथम आपल्याच घरातील कवितेकडे पाहू. संध्याकाळी तुम्ही त्रिसरण-पंचशील घेता, मेणबत्ती लावता, आणि बुद्धप्रतिमेपुढे फूल ठेवताना पुष्पपूजेची पाली गाथा म्हणता. ती गाथा म्हणजे कविताच आहे. पण ती काय म्हणते याकडे आपले लक्ष असते काय? तिच्यात आधी फुलाचा रंग आणि गंध यांची प्रशंसा आहे, मग ते फूल बुद्धाच्या चरणी ठेवणे आहे, आणि शेवटी असे म्हटले आहे की हे फूल जसे सुकणार तसाच आपला देहही नाशाकडे चालला आहे. या गाथेत पोरे-बाळे मागितलेली नाहीत, धनधान्य मागितलेले नाही, नवस तर नाहीच. आमच्या घरी दीक्षेनंतर कितीतरी दिवस माझी आई फूल ‘देवाला वाहिल्यासारखे’ वाहत असे, कारण तिला हाताची तीच सवय होती. गाथेचा अर्थ सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, “म्हणजे हे फूल आपल्याला सांगतंय.” काव्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात प्रतिमेची व्याख्या मला याहून सोपी आढळली नाही.

आता बारकाईने पाहा. गाथा म्हणताना तुमच्या ओंजळीत जे फूल असते ते ताजे असते, दव असलेले, वास येणारे. शब्द मात्र कोमेजण्याचे आहेत. डोळ्यांना दिसते एक आणि कानावर पडते दुसरे. मनात जी कळ उठते ती या दोहोंच्या मधल्या जागेत उठते. फूल आधीच वाळलेले असते तर काही वाटले नसते. ‘जीवन क्षणभंगुर आहे’ असे नुसते म्हटले असते तर ते आपण शंभरदा ऐकले आहे, तेव्हाही काही वाटले नसते. दुःखाचे वातावरण उभे करायचे असेल तर कवी ‘दुःख’ हा शब्द उच्चारीत नाही. तो एक वस्तू तुमच्या हातात देतो.

अशी डोळ्यांपुढे उभी राहणारी वस्तू म्हणजे प्रतिमा. हीच वस्तू पुन्हा पुन्हा वापरली गेली, एका समाजाच्या मनात मुरली आणि तिच्यामागे मोठा अर्थ उभा राहिला की तिला प्रतीक म्हणावे. पिंपळाचे पान कोणाच्याही अंगणात पडलेले असते. आपल्याला ते पाहून बोधिवृक्ष आठवतो. कॉलेजात या दोन शब्दांच्या पानभर व्याख्या मी पाठ केल्या होत्या व परीक्षेनंतर विसरलो. तुम्हाला एवढे पुरे.

याच फुलाची दुसरी बाजू थेरगाथेत आहे, आणि ती आपली बाजू आहे. सुनीत थेर हा हीन मानलेल्या कुळातला, पोटाला पुरेसे न मिळणारा माणूस. त्याचे काम काय होते? पूजेची सुकलेली फुले झाडून टाकणे. ज्यांनी फुले वाहिली ते वेगळे, आणि कोमेजल्यावर ती उचलणारा वेगळा! आपल्या गाथेत तो स्वतःच सांगतो की लोक त्याला तुच्छ लेखीत, आणि तो मन खाली करून पुष्कळांपुढे वाकत असे. मग बुद्ध भिक्खुसंघासह मगधाच्या राजधानीत येताना त्याला दिसतात. तो खांद्यावरची कावड टाकून देतो आणि वंदन करण्यासाठी जवळ जातो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सुनीताच्या धम्मदीक्षेची कथा घेतली आहे, ती जरूर वाचा. ती वाचताना खांद्यावरच्या त्या कावडीकडे लक्ष द्या. आयुष्यभराची अवहेलना गाथेने एका लाकडी वस्तूत ठेवली आहे, म्हणून ती खाली पडते तेव्हा तिचा आवाज आपल्याला ऐकू येतो.

दुःखाची प्रतिमा कवीने कोठून आणावी? याचे उत्तर मला गयासीसाच्या प्रवचनात सापडते. उरुवेल काश्यप, नदी काश्यप आणि गया काश्यप हे तिघे जटाधारी बंधू आपल्या पाचशे, तीनशे आणि दोनशे शिष्यांसह अग्नीची पूजा करीत असत. त्यांनी धम्म स्वीकारल्यावर त्या हजार जणांपुढे गयेजवळच्या टेकडीवर भगवंतांनी जे प्रवचन दिले ते आदित्तपरियाय सुत्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की डोळा जळतो आहे, रूप जळते आहे, कान, नाक, जीभ, काया आणि मन ही सगळी जळत आहेत, आणि ती राग, द्वेष व मोह यांच्या आगीने जळत आहेत.

येथे जरा थांबा. हे श्रोते कोण होते? ज्यांनी आयुष्य अग्नीपुढे बसून काढले, ज्यांना अग्नी पवित्र होता, असे लोक. बुद्धाने त्यांना समुद्राची किंवा हिमालयाची उपमा दिली नाही. त्यांचीच आग घेतली, आणि पूजेच्या कुंडातून उचलून त्यांच्या डोळ्यांत, कानांत आणि मनात ठेवली. जी वस्तू काल आधार होती तीच आज दुःखाची खूण झाली. ऐकणाऱ्याला पळायला जागा उरली नाही. शिवाय पुनरुक्ती पाहा. डोळ्याविषयी जे सांगितले तेच कानाविषयी, तेच नाकाविषयी, तेच जिभेविषयी. वाचताना शहरी वाचकाला कंटाळा येतो. पण एखाद्या वस्तीला लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की आग अशीच जाते, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर. शब्दांची चालच आगीसारखी आहे. इंग्रज कवी एलियट (जन्माने तो अमेरिकन) याने १९२२ सालच्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घ कवितेच्या तिसऱ्या भागाला याच प्रवचनाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धानंतरच्या उजाड मनाला नाव शोधताना त्याला ते गयेच्या टेकडीवर सापडले, याचे आपल्या विद्यापीठांत फारसे कौतुक होत नाही.

आता मी ज्या गाथेमुळे आजींच्या प्रश्नात सापडलो तिच्याकडे येतो. पटाचारेची कथा अट्ठकथेत आहे. श्रावस्तीच्या सधन घरातली ही मुलगी घरातल्याच एका चाकराबरोबर निघून गेली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माहेरी येताना वाटेत वादळ झाले; नवरा साप चावून मेला. नदी ओलांडताना तान्ह्या मुलाला ससाण्याने उचलले. त्याला हुसकावण्यासाठी तिने हात हलवले, तर पलीकडच्या थोरल्या मुलाला वाटले आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. पुढे गावाशी आली तेव्हा कळले की रात्रीच्या वादळात घर कोसळून आई, बाप आणि भाऊ गेले, आणि तिघांची चिता एकच.

इतके दुःख एका बाईवर! कोणालाही वाटेल की तिची गाथा म्हणजे मोठा आक्रोश असेल. पण थेरीगाथा उघडा. पटाचारेच्या स्वतःच्या गाथेत नवरा नाही, मुले नाहीत, नदी नाही, चिता नाही. आहे काय? शेतकरी नांगरतात, पेरतात आणि बायकामुले पोसतात. मग शील पाळणाऱ्या मला निर्वाण का लाभू नये, असा प्रश्न. नंतर पाय धुतल्याचे सांगणे. पायांवरून पाणी उंचाकडून सखलाकडे वाहत जाताना तिने पाहिले, एवढेच. मग ती दिवा घेऊन आत जाते, बिछान्याकडे पाहते, मंचकावर बसते, आणि सुईने वात मागे ओढते. दिवा विझतो आणि तिचे चित्त मुक्त होते.

ज्या पाण्याने तिचे मूल नेले तेच पाणी आता एका भांड्यातून तिच्या पायांवर पडते आहे. गाथा हे सांगत नाही. हे सांगायचे काम तिने आपल्यावर सोडले आहे. अट्ठकथाकार अधिक सांगतो की तिने तीनदा पाणी ओतले. पहिले थोडे जाऊन जिरले, दुसरे त्याहून पुढे, तिसरे आणखी पुढे. आणि तिला उमगले की माणसेही अशीच, कोणी बालपणी, कोणी मध्यम वयात, कोणी म्हातारपणी जिरून जातात. स्पष्टीकरण चांगले आहे, पण मला मूळ गाथेतली अबोल ओळ अधिक भिडते. न बोललेले दुःख प्रतिमेत साठते. तुम्ही रडणाऱ्या माणसापुढे बसलात तर त्याची समजूत घालता. जो माणूस गप्प बसून आपल्या पायांकडे पाहतो त्याच्यापुढे तुम्हीच गप्प होता.

आम्रपालीच्या गाथेची रीत वेगळी. ती वैशालीची गणिका होती, आणि म्हातारपणी ती आपल्या एकेका अवयवाचे पूर्वीचे व आताचे रूप शेजारी शेजारी ठेवते. केस भुंग्यांसारखे काळे होते, ते आता तागाच्या वाखासारखे झाले आहेत. असे करीत करीत शेवटी सारे शरीर म्हणजे लिंपण गळून पडलेले जुने घर होते. ज्यांच्या घराच्या भिंती मातीच्या होत्या त्यांना ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही.

पाण्याकडे परत येऊ, कारण पाणी हा आपल्या दुःखाचा जुना शब्द आहे. थेरीगाथेत पुण्णिका नावाची दासी आहे. ती पाणी भरणारी होती. कडाक्याच्या थंडीत नदीत उतरायचे, का तर मालकिणींच्या काठीचे आणि बोलण्याचे भय. त्याच पाण्यात एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत उतरतो. ती त्याला विचारते, मला भीती आहे म्हणून मी उतरते, तुला कसली भीती? पुढे ती म्हणते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासव आणि मगरी आधी स्वर्गात जातील. आणि पाणी पाप वाहून नेत असेल तर तुझे पुण्यही नेईल. ब्राह्मण निरुत्तर होतो व शरण येतो. एकच नदी, एकच थंडी. पण एकाला ती तीर्थ आणि दुसरीला शिक्षा. प्रतिमेचा अर्थ पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरतो, हे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले असते तर कदाचित मला पटले नसते. पुण्णिकेने पटवले.

म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तहान भागवणे एवढाच अर्थ त्या कृतीचा नव्हता, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगावे लागले नाही. त्यानंतर तळे ‘बाटले’ म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. ते करणाऱ्यांनाही त्या पाण्याचा अर्थ पुरता कळला होता! त्या दिवसापासून आपल्या शाहिरांच्या गाण्यात आणि आपल्या कवींच्या कवितेत पाणी आले की त्याच्याबरोबर महाड येते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रतिमा मनावर ताबा मिळवते, म्हणून ती सत्यही असते असे नाही. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी व प्रेत पाहिले आणि गृहत्याग केला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दुःखाच्या प्रतिमांची याहून प्रभावी मालिका जगाच्या वाङ्मयात क्वचितच असेल. चित्रकारांनी ती रंगवली, कवींनी गायली. पण बाबासाहेबांनी विचारले की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, रोगी आणि मृत पाहिला नव्हता, हे बुद्धीला पटते काय? त्यांनी ते कारण नाकारले आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उभा राहिलेला तंटा, त्यात सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध आणि त्यासाठी स्वीकारलेला देशत्याग हे कारण मांडले. पाहा, पुन्हा पाणीच! पण हे पाणी भांडणाचे, माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाचे. डोळे भरून आले तरी बुद्धी जागी ठेवावी, हा कविता वाचण्याचाही नियम आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. दुःख कोणाला उद्देशून आहे? चोखोबांचे दुःख खोटे नव्हते. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. परंतु चोखोबांचा शब्द विठ्ठलाच्या दाराशी उभा राहतो आणि आतून उत्तराची वाट पाहतो. पटाचारा कोणाच्याही दाराशी उभी नाही. ती आपले पाय धुते आहे. दोन्ही कविता वाचाव्यात, आणि हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्यावा.

१९७० नंतरच्या दलित कवितेविषयी येथे विस्ताराने लिहिता येणार नाही. तो स्वतंत्र पाठाचा विषय आहे. पण नुसती संग्रहांची नावे वाचली तरी मी काय म्हणतो ते कळेल. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, वामन निंबाळकरांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ १९७३ चा, दया पवारांचा ‘कोंडवाडा’ १९७४ चा. कोंडवाडा म्हणजे काय ते खेड्यातल्या कोणालाही विचारा. मोकाट गुरे कोंडून ठेवायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची, ती जागा. कवीने त्या जागेत माणूस उभा केला. आता प्रश्न असा की गुराला सोडवायला मालक येतो, माणसाला सोडवायला कोण येणार? एवढे सगळे त्या एका शब्दात आहे, आणि ‘दुःख’ हा शब्द त्यात नाही.

आपल्या मुलांच्या कवितांबद्दल थोडे बोलतो. दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी मुले माझ्याकडे कविता लिहून आणतात. भाव खरा असतो, पण कविता बहुतेक एकसारख्या. सूर्य मावळला, आभाळ रडले, काळोख पसरला, अश्रूंचा पूर आला. ही नाणी इतक्या हातांतून गेली आहेत की त्यांवरचा छाप पुसला आहे. मी मुलांना नावे ठेवत नाही, मीही त्यांच्या वयात सूर्यच मावळवला होता. एका वर्षी मात्र सातवीतल्या एका मुलीने आपल्या आजीवर लिहिले. आजी दरवर्षी चैत्यभूमीला जाते, पिशवीत भाकरी नेते आणि परत येताना त्याच पिशवीतून पुस्तके आणते. आजीला वाचता येत नाही. ती पुस्तके उशाशी ठेवून झोपते. कविता एवढीच होती. यमक नव्हते, शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. मी ती वर्गात वाचली तेव्हा शेवटच्या बाकावरची वात्रट पोरेही शांत बसली.

घरी मुलांना कविता वाचून दाखवाल तेव्हा त्यांना अर्थ पाठ करायला लावू नका. यात कोणती वस्तू दिसते, ते विचारा. ती वस्तू आपल्या घरात, वस्तीत कोठे आहे, ते विचारा. मग ही वस्तू कोणाच्या हातात आहे, असे विचारा. फूल वाहणाऱ्याच्या की झाडणाऱ्याच्या? आणि कवीने काय सांगायचे टाळले आहे, हा प्रश्न मोठ्या मुलांसाठी ठेवा. तो अवघड आहे, आम्हा शिक्षकांनाही.

आजींना मी उत्तर दिले ते असे. पुढच्या पौर्णिमेला पटाचारेची गाथा पुन्हा घेतली. या खेपेस आधी अट्ठकथेतली सारी कथा सांगितली, आणि मग म्हटले, “आजी, आता तिची स्वतःची गाथा ऐका आणि यात रडणं कुठं आहे तेवढं मला दाखवा.” आजी डोळे मिटून ऐकत होत्या. पाय धुण्याची ओळ झाली, दिव्याची झाली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग त्या म्हणाल्या, “न्हाई, रडली न्हाई ती.” आणि थोड्या वेळाने, “आम्ही चिमणीची वात डोक्याच्या आकड्यानं मागं सारायचो, गुरुजी. तिनं सुई घेतली व्हय?”

मी म्हटले, होय, सुई.

“बरं,” त्या म्हणाल्या, “आता दुसरीची वाचा.”